कोण ल्हामू?

मंसिर ३

आजपासून लिहायचं. मोठ्या डोंगरावर जाणारे सगळे लिहितात. नवरा मोहिमांवर स्वयंपाकी होता, तो म्हणतो साहेब लोक पुढ्यातलं जेवण गार होईपर्यंत लिहीत बसायचे. मला प्रौढ वर्गात दोन हिवाळे अक्षरं शिकवली. तेवढी पुरे. हे कुणी वाचायचं नाही. ल्हामूने वाचलं तर तिचे डोळे फुटोत.

कारण आधी लिहून ठेवते, म्हणजे राग निवणार नाही. ल्हामू माझी धाकटी जाऊ. गेल्या वैशाखात सगरमाथ्यावर, साहेब लोकांच्या एव्हरेस्टवर, जाऊन आली. तेव्हापासून तिच्या लॉजच्या भिंतीवर सर्टिफिकेट आणि माझ्या लॉजात माश्या. तेही मी गिळलं. पण काल नामचेहून रेडिओवाली बाई आली. तिने हिला विचारलं, एवढी ताकद आणली कुठून. तर ही म्हणाली, "आमच्या थोरल्या जाऊबाईंमुळे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला पाण्याला, लाकडाला, शेणाला इतकं पळवलं की सगरमाथ्यावर जरा बसायला तरी मिळालं."

अख्ख्या खुंबू खोऱ्याने ऐकलं. गिरणीत हसले. लामांच्या मठात, गोम्पात हसले. माझा नवरा हसला, मग म्हणाला खोकला आहे.

ठरलं. मी पण चढणार. माझी स्वतःची मोहीम, बायकांची, पुढच्या वैशाखात. उतरले की रेडिओवाली माझ्या दारात येईल. ल्हामूबद्दल विचारेल. मी पाणी पिईन, ओठ पुसेन आणि म्हणेन, "कोण ल्हामू?" बास. दोनच शब्द. पुढे ती मेली आयुष्यभर ऐकत बसेल.

नियम एकच. वर पोचेपर्यंत छांगचा, आमच्या तांदळाच्या दारूचा, थेंब तोंडात नाही.

परमिटचं नंतर बघू.

मंसिर ४

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, तुझा गुडघा. मी विचारलं कुठला. म्हणाला दोन्ही. आणि बटाटे सोलायला लागला.

मंसिर ५

सराव सुरू. टोपलीत बटाटे भरून वरच्या चोर्तेनपर्यंत, त्या दगडी स्तूपापर्यंत जायचं. निम्म्या वाटेत ल्हामू वरून उतरताना भेटली, पाठीवर माझ्या दुप्पट लाकूड. थांबून विचारते, दिदी, एवढे बटाटे कुठे? म्हटलं, वर. म्हणाली, वर कोण आहे खायला? हे विचारायची काही गरज होती? ती वळणाआड जाईपर्यंत ताठ उभी राहिले. मग टोपली याकाच्या पाठीवर दिली. वजन वर पोचलं की झालं. मोठ्या मोहिमांतही सामान दुसरेच वाहतात.

मंसिर ९

डोकं धरलंय. नवरा म्हणतो छांग सोडली म्हणून. मी म्हणते, उंचीचा त्रास. म्हणाला, आपण इथेच जन्मलो.

याला मोहिमेतून वगळलंय.

मंसिर १४

दारावर नवी पाटी लावली. गोम्पाच्या रंगाऱ्याकडून इंग्रजीतसुद्धा लिहून घेतलं, "होणाऱ्या सगरमाथा-विजेतीचं लॉज". दुपारी दोन जर्मन आले. पाटी वाचून खूश झाले, फोटो काढला, विचारलं त्या बाई कुठे आहेत. म्हटलं, मीच. दोघांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि विचारलं, झालेल्या बाईंचं लॉज कुठे?

हात करून दाखवलं. याकांच्या गोठ्याकडे.

संध्याकाळी शेणाने भरलेले बूट घेऊन तिच्याकडेच पोचले. तिने म्हणे बूट धुऊन दिले. असली आहे ती.

मंसिर २१

मोहिमेला माणसं लागतात. दोन हेरून ठेवल्यात. एक गिरणीवाली डाकी, पिठाचं पोतं एका हाताने उचलते. दुसरी पुती, नवरा नाही, वरच्या कुरणात एकटी याक राखते आणि कड्यावरून शेळीसारखी पळते.

आता या बायका नुसत्या शब्दांवर कुठे हलतात. छांग घेऊन जायला हवी. भांड्याच्या कडेला लोणी लावायचं, ओतायची, पुन्हा ओतायची, तिसऱ्यांदा ओतायची. तीन वाट्या पोटात गेल्या की काम काय ते सांगायचं. मग नाही म्हणायची सोय नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून छांगचं भांडं दारात दिसलं की माणसं आधीच तोंड लपवतात.

मोठ्या माठात तांदूळ लावलेत. थंडीत वेळ घेतात.

मंसिर २६

डाकी झाली. तिला वाटलं गिरणीचा पट्टा दुरुस्त करायला आलेय. आधी आनंदाने तीन वाट्या प्यायली, मग सगरमाथा ऐकला. पोत्यावर बसली. म्हणाली, मला पूल ओलांडताना पण चक्कर येते. म्हटलं, वर पूल नाहीत. शिड्या आहेत. ती मलाच म्हणाली, तू पण घे की एक वाटी. मी हात नाही लावला. माझा निर्धार बघून ती वाटी तिने स्वतःच संपवली.

मंसिर २७

पुतीची भानगड. घरातली जुनी छांग डाकीवर संपली, माठातली अजून कच्ची, म्हणून डाकीकडूनच डबाभर आणली, बटाट्यांच्या बदल्यात. पुतीला ओतली. तीन वाट्या उतरल्या, मी काम सांगितलं, तर बया काय म्हणते? ही छांग डाकीच्या हातची. चव ओळखते मी. मी बांधली गेले ती डाकीला, तुम्हाला नाही.

धरून गोम्पात नेली. म्हाताऱ्या लामांपुढे उभी केली. बाहेर निम्मं गाव जमलं, ल्हामूही होती, लाकूड पाठीवर घेऊन. मी ठणकावून सांगितलं, छांग कुणाची ते बघत नाहीत, ओतली कुणी ते बघतात. लामांनी जपमाळ थांबवली, जरा विचार केला, म्हणाले बरोबर आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. ल्हामूने तर दोनदा हलवली.

माझी अक्कल आज गावाने बघितली.

पुस ४

नवऱ्याच्या जुन्या जपानी साहेबांना फोन लावायला लावला. ओकुदा साहेब. ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं. नवऱ्याने ओरडून सांगितलं, बायको मोहिमेवर जातेय, मदत करा. साहेबांना रडू आलं म्हणे. काहीतरी पाठवतो म्हणाले.

हे बघ ल्हामू. तुझ्यामागे कुठला साहेब रडला?

पुस १७

शिडीचा सराव. माळ्याची शिडी काढली, बटाट्याच्या शेताच्या दोन दगडी बांधांवर आडवी टाकली. खाली याक बांधला होता, तो दरीच्या जागी. मधोमध पोचले आणि शिडी हलायला लागली. नवरा म्हणतो शिडी नाही, तू. पुढे जाईना, मागे येईना. याक वर बघायला लागला. त्याची शिंगं सरळ वरच असतात हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

मग पलीकडच्या खिडकीतून हिचा आवाज. पायाकडे बघू नका दिदी, माझ्याकडे बघा. पाऊल दांड्यावर आडवं टाका. श्वास सोडा. सांगतेही कशी, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. मी तिच्याकडे बघतच आले. इतक्या रागाने बघितलं की कधी पलीकडे पोचले कळलंच नाही.

शिकवते मला. सूड दुप्पट झाला.

शिडी जुनी आहे. जाळायला घेतली.

पुस २५

ओकुदा साहेबांचं पार्सल आलं. मोठ्या आशेने उघडलं. आत एक एप्रन. निळा, चांगल्या कापडाचा, छातीवर डोंगर शिवलेला, दोन खिसे. नवरा म्हणाला, साहेबांना वाटलं माझी जागा तू घेतलीस. स्वयंपाक्याची.

मूर्ख आहे. हा मोहिमेचा गणवेश आहे.

माघ २

घात झाला. ल्हामू परत सगरमाथ्यावर निघालीय. या वेळी पुढारी तीच, सगळ्या बायका, काठमांडूच्या कुणीतरी परमिटपासून दोरापर्यंत सगळं दिलंय. वैशाखातच. माझं बघूनच सुचलं तिला.

आणि दुपारी छांगचं भांडं घेऊन आमच्या घराकडे येताना दिसली. काहीतरी मागायला. मी काय या रीतीला नवी आहे? मागच्या दाराने निघाले आणि बटाट्याच्या खड्ड्यात उतरले, वर झाकण ओढून घेतलं.

ती येऊन बसली कुठे, तर झाकणावर. नवऱ्याशी गप्पा. भावोजी, दिदी कुठे? हा म्हणाला, बटाट्यांकडे. निदान खोटं तरी बोलायचं. ती म्हणाली, सावकाश येऊ देत, मी थांबते. थांबली. ऊन कलेपर्यंत थांबली. लोकरीचे मोजे विणत होती, सुयांचा आवाज येत होता. गेली तेव्हा माझे हातपाय उरले होते की नाही तेच कळेना.

थंडीचा सराव उत्तम झाला.

माघ ५

पुन्हा आली. पुन्हा खड्डा. या वेळी आत गोधडी ठेवलीय.

माघ ११

डाकी आणि पुती. दोघींनी ल्हामूची छांग प्यायली. तीन तीन वाट्या. दोघी आता तिच्यापण मोहिमेला बांधल्या गेल्या. डाकीला विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाली, तिने शेळीचं मांस पण आणलं होतं.

लामांकडे धाव घेतली. म्हणाले, दोघींना नाही म्हणता येत नाही, तुलाही नाही आणि तिलाही नाही. डोंगर एकच आहे. तेव्हा मोहीमपण एकच होऊ दे. मी म्हटलं, माझ्या मोहिमेचा मुहूर्त तुम्ही काढून दिलाय. म्हणाले, तिलाही तोच दिलाय. या चैतात चांगला दिवस एकच आहे, दुसरा मी काय घरी बनवू?

घरी आले. नवऱ्याने गरम शेर्पा स्ट्यू पुढे ठेवला. यालाच मी वगळलं होतं.

असो. मी एकटी जाईन. गर्दी नको. इतिहासात एकटीचंच नाव राहतं.

माघ १९

एकटीच चोर्तेनपर्यंत. टोपलीशिवाय. निम्म्या वाटेत बसले, समोर डोंगर बघितला. तो काही जवळ येत नाही. बसल्या बसल्या वाक्याचा सराव केला, कोण ल्हामू, कोण ल्हामू. एक ट्रेकर थांबला. तो म्हणाला, मला माहितीये, निळं छप्पर असलेलं लॉज.

माघ २८

ल्हामूच्या घरची छांग नासली. थंडीने तिचा माठ तडकला, लोसारच्या ऐन तोंडावर. देव आहे.

फागुन ७, लोसार

सविस्तर लिहिते, कारण उद्या लोक वाटेल ते सांगतील.

नववर्षाचा दिवस. दारं उघडी, घरात माणसं, खड्ड्यात जायची सोय नाही. ल्हामू आली. नव्या कपड्यांत, हातात भांडं, कडेला लोणी. आधी माझ्या पाया पडली, सगळ्यांदेखत. मी तोंड वळवलं. तिने वाटी भरून पुढे धरली. मी विचार केला, शत्रूची छांग कशी आहे ते कळायला हवं. हिचा हात पातळ, पाण्यासारखी करते, ते चारचौघांत सांगता येईल. म्हणून फक्त तपासायला एक घोट घेतला.

चांगली होती.

एका वाटीने खात्री होत नाही. दुसरी घेतली. दाट, जरा गोडसर, शेवटी जिभेला किंचित चटका. मंसिरापासून कोरडी होते मी. तिसरी घेतली ती न्यायाने, उगाच कुणाला वाईट म्हणू नये म्हणून. आणि मी न्यायी आहे, म्हणून तोंडाने म्हटलंही. सगळ्यांनी ऐकलं. म्हटलं, छांग मात्र जमलीय तुला, ल्हामू.

ती म्हणाली, "तुमचीच आहे, दिदी. भावोजींनी दिली माठातून."

नवऱ्याकडे बघितलं. तो छपराकडे बघत होता.

मग तिने मागायचं ते मागितलं. बेस कॅम्पचं स्वयंपाकघर मी सांभाळावं. मला हसायला आलं. म्हटलं, स्वयंपाकी मिळत नाहीत का तुला, खुंबू भरलंय. तर ही वाटी खाली ठेवून, मान न वर करता म्हणाली, "मागच्या वेळी मी उतरले ना दिदी, फार उशिरा उतरले. वर दोर अडकला होता. मला वाटलं होतं, संपलं. खाली आले तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात मानाच्या रेशमी खादा घातल्या. इतका उशीर का केलास, म्हणून कुणी विचारलं नाही. तुम्ही असता तर शिव्या घातल्या असत्या. मला त्याच हव्या होत्या."

 नवऱ्याने चुलीत ओलं शेण घातलं होतं, धूर माझ्या डोळ्यांत गेला.

मी म्हटलं, छांग माझी. माझीच छांग मला बांधू शकत नाही.

फागुन ८

लामांकडे गेले. अर्धं गाव आधीच तिथे. बाजू मांडली, पूर्ण जोरात. लामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "फुर्दिकी, छांग कुणाची ते बघत नाहीत, ओतली कुणी ते बघतात. मंसिरात तूच सांगितलंस."

पुती सगळ्यांत मोठ्याने हसली.

फागुन १०

नीट विचार केला. हे उलट बरंच झालं. शत्रूच्या तळावर, शत्रूच्या जेवणावर माझा ताबा. दोन महिने ती मी देईन ते खाईल. असा सूड कुणाला जमला नसेल. माझी मोहीम फक्त आतून चालणार आहे.

परमिटचं आता बघायला नको.

फागुन २२

पीठ, बटाटे, लोणी, सुकं मांस, कुकर, चहा. पुतीला कामाला लावलं. डाकी पीठ दळतेय, तिला माझ्यासोबत चुलीपाशीच राहायचंय, शिड्या नाहीत म्हटल्यावर गातेय. ल्हामू सारखी येऊन दिदी हे किती, दिदी ते किती विचारते. मागच्या वेळी हिने काय खाल्लं तिथे, तर म्हणे पाकिटातल्या शेवया. मेली. म्हणूनच उशीर झाला असणार.

पातळ रोटी आवडते तिला. जाड केली की घशात अडकते म्हणते. लक्षात ठेवलंय.

चैत ३

सकाळी सवय व्हावी म्हणून बेस कॅम्पला न्यायच्या चुलीवर घरीच रोट्या करून बघितल्या. जाड करणार होते. पातळ झाल्या. पीठ ओलं होतं.

चैत १२

निघायचा दिवस. लामांनी धूप लावला, याकांवर सामान चढलं, सगळं गाव चोर्तेनपाशी. मी साहेबांचा एप्रन घातला होता. कुणीतरी म्हणालं शोभतो. बोलले नाही त्याच्याशी.

आणि रेडिओवाली आली. नामचेची तीच. आधी ल्हामूशी बोलली. मग वळून सरळ माझ्यासमोर. मंसिरापासून याच दिवसाची वाट बघत होते. वर जाऊन आले नव्हते, पण माईक माझ्या तोंडाशी होता, आणि अख्खं खुंबू ऐकत होतं, गिरणीत, गोम्पात, सगळीकडे. तिने विचारलंही नेमकं तेच. ल्हामूबद्दल काय सांगाल?

दोन शब्द. पाठ होते. झोपेतही म्हणायचे, नवरा साक्ष आहे. पाणी प्यायले. ओठ पुसले. आणि तेवढ्यात बघते तर ही बाई मोहिमेची पुढारी, वारा सुटलाय, आणि डोक्यावर काही नाही. केस उडतायत.

माईकमध्ये जे गेलं ते असं, "ल्हामू, टोपी घाल. कान सुजतील, मग रडत येशील माझ्याकडे."

सगळे हसले. रेडिओवाली हसली, नवऱ्याला खोकला आला. आज संध्याकाळी परत लावणार आहेत म्हणे, दोनदा.

वारा फार होता. वाऱ्यात माणसाचे शब्द इकडचे तिकडे होतात.

टोपी मात्र घातली तिने. लगेच घातली. घाबरते अजून मला.